परदेशातून घड्याळ मागवताना : किंमत, कर आणि कागदपत्रे

लग्नात जावयाच्या मनगटावर बांधायचे घड्याळ, वडिलांच्या निवृत्तीनिमित्त द्यायची भेट किंवा पहिल्या पगारातून केलेली हौस. मराठी घरांत घड्याळाची खरेदी बहुधा एखाद्या प्रसंगाशी जोडलेली असते. पूर्वी ही खरेदी शहरातील ओळखीच्या दुकानात होई. आता जपान, स्वित्झर्लंड, जर्मनी, सिंगापूर किंवा अमेरिकेतील विक्रेत्याच्या संकेतस्थळावर घड्याळ निवडावे, क्रेडिट कार्डाने पैसे भरावेत आणि पार्सलची वाट पाहावी, हा मार्ग शहरी ग्राहकाला सरावाचा झाला आहे. परंतु संकेतस्थळावर दिसणारी किंमत आणि घड्याळ हातात पडेपर्यंत खिशातून गेलेली रक्कम यांत मोठी तफावत असते. ही तफावत कशी तयार होते, ती आधी कशी काढावी आणि कोणत्या चुकांमुळे पार्सल अडकते किंवा जप्त होते, याची माहिती खरेदीपूर्वीच करून घेणे हिताचे ठरते.

किंमत कोणती धरली जाते?

सीमाशुल्क आकारताना केवळ घड्याळाची किंमत विचारात घेतली जात नाही. सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ नुसार घड्याळाच्या किमतीत वाहतूक खर्च आणि विम्याचा खर्च मिळवून करपात्र मूल्य ठरते. विम्याचा खर्च समजू शकला नाही, तर मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के रक्कम विमा म्हणून धरली जाते. वाहतूक खर्च समजू शकला नाही, तर त्यापोटी किमतीच्या २० टक्के रक्कम धरण्याची तरतूद आहे. विमानाने आलेल्या मालाचा प्रत्यक्ष वाहतूक खर्च याहून अधिक असला, तरी तो २० टक्क्यांपर्यंतच मूल्यात मिळवला जातो. त्यामुळे विक्रेत्याच्या बिलावर घड्याळाची किंमत, पाठवणीचा खर्च आणि विमा या तिन्ही बाबी स्वतंत्रपणे नमूद असणे ग्राहकाच्याच फायद्याचे असते. 'पाठवणी मोफत' एवढाच उल्लेख असलेल्या बिलावरून वाद उद्भवू शकतो.

परकीय चलनाचे रुपयांत रूपांतर करताना बँकेचा दर लागू होत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाकडून महिन्यातून दोनदा प्रसिद्ध होणारा विनिमय दर त्यासाठी वापरला जातो. कार्डाने पैसे भरताना मात्र बँक आपला दर लावते. शिवाय परकीय चलनातील व्यवहारावर बहुतेक कार्डांना दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार पडतो आणि त्या आकारावर वस्तू व सेवा करही लागतो. हिशेब मांडताना ही रक्कम हमखास विसरली जाते.

दुसरीकडे काही बचतही होऊ शकते. युरोपीय देशांतील दुकानांत दाखवलेल्या किमतीत तेथील मूल्यवर्धित कर धरलेला असतो. जर्मनीत तो १९ टक्के आहे. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून ८.१ टक्के आहे. माल थेट परदेशी पाठवला जात असेल, तर निर्यात म्हणून हा कर वगळून बिल करता येते. विक्रेत्याने तो वगळला आहे की नाही, हे मागणी नोंदवण्यापूर्वी विचारून घ्यावे. अन्यथा ग्राहकाला दोन्ही देशांचे कर भरावे लागतात.

कराचे तीन थर

सीमाशुल्क दरपत्रकाच्या ९१ व्या प्रकरणात घड्याळांचा समावेश आहे. सोने किंवा अन्य मौल्यवान धातूच्या कवचाची मनगटी घड्याळे ९१०१ या शीर्षकाखाली, तर इतर मनगटी घड्याळे ९१०२ या शीर्षकाखाली येतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात मनगटी घड्याळांवरील मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. त्याच अर्थसंकल्पाने समाजकल्याण अधिभारही आणला. हा अधिभार मालाच्या मूल्यावर लागत नाही, तर सीमाशुल्काच्या रकमेवर १० टक्के लागतो. या दोन्ही रकमा मूल्यात मिळवून येणाऱ्या बेरजेवर १८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो.

येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. २० आणि १८ मिळून ३८ टक्के, असे गणित मांडले जाते. प्रत्यक्षात करावर कर लागत असल्याने एकूण भार ४३.९६ टक्के होतो.

उदाहरणादाखल ३०,००० रुपयांचे घड्याळ आणि २,००० रुपये पाठवणी खर्च धरू. विम्याचा वेगळा उल्लेख नसल्याने ३३७.५० रुपये विमा धरला जाईल. करपात्र मूल्य झाले ३२,३३७.५० रुपये. त्यावर २० टक्के सीमाशुल्क ६,४६७.५० रुपये, अधिभार ६४६.७५ रुपये. या सर्वांची बेरीज ३९,४५१.७५ रुपये आणि तिच्यावर १८ टक्के कर ७,१०१.३२ रुपये. म्हणजे एकूण कर १४,२१५.५७ रुपये. घड्याळाच्या मूळ किमतीशी तुलना केली, तर हा कर ४७ टक्क्यांहून अधिक भरतो. पाठवणी खर्च मिळवून घड्याळ ४६,२१५.५७ रुपयांना पडते. कार्डाचा आकार आणि कुरिअर कंपनीचे सेवाशुल्क याखेरीज.

स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा हवाई मार्गाने येणाऱ्या शुल्कपात्र वस्तूंकरिता दरपत्रकात ९८०४ हे स्वतंत्र शीर्षकही आहे. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात या शीर्षकाचा दर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्यामुळे पार्सल कोणत्या शीर्षकाखाली दाखल होते, याला महत्त्व आहे. वैयक्तिक वापरासाठी केलेल्या आयातीला आयात-निर्यात संकेतांक लागत नाही. मात्र एकाच नावावर एकाच प्रकारची पाच-सहा घड्याळे आली, तर ती वैयक्तिक वापराची आहेत हे पटवून देणे अवघड जाते. मागणी नोंदवण्यापूर्वी कुरिअर कंपनीकडून शीर्षक आणि त्या दिवशीचा दर लेखी विचारून घेणे इष्ट.

स्विस घड्याळांना सवलत, पण अटींसह

भारत आणि युरोपीय मुक्त व्यापार संघटनेतील स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाइन या चार देशांमधील व्यापार व आर्थिक भागीदारी करारावर १० मार्च २०२४ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. या करारानुसार स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. एकात्मिक वस्तू व सेवा कर मात्र कायम राहील.

ही सवलत आपोआप मिळत नाही. माल करारातील निकषांनुसार त्या देशात तयार झाल्याचा पुरावा सादर करावा लागतो आणि पाठवणीच्या मार्गाविषयीच्या अटीही पाळाव्या लागतात. अमेरिकेतील किंवा सिंगापूरमधील विक्रेत्याकडून घेतलेले स्विस घड्याळ केवळ तबकडीवरील नावामुळे या सवलतीस पात्र ठरत नाही. 'स्विस मेड' ही अक्षरे स्वित्झर्लंडच्या स्वतःच्या कायद्यानुसार लिहिली जातात. १ जानेवारी २०१७ पासून त्यासाठी निर्मिती खर्चाचा किमान ६० टक्के वाटा त्या देशातील असणे आवश्यक आहे. करारातील उत्पत्तीचा निकष ही स्वतंत्र बाब आहे. भारतातही २०२० च्या नियमांनुसार सवलत मागणाऱ्या आयातदाराने मालाच्या उत्पत्तीविषयीची माहिती जवळ बाळगणे बंधनकारक आहे.

'भेट' असे लिहिल्याने कर चुकत नाही

अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेला मुलगा वडिलांना घड्याळ पाठवतो आणि पार्सलवर 'भेटवस्तू' असे लिहितो. हेतू प्रामाणिक असतो. समजूत मात्र जुनी असते. पूर्वी ठरावीक मर्यादेपर्यंतच्या भेटवस्तूंना सीमाशुल्कातून सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून टपालाने वा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या मालाची आयात प्रतिबंधित केली. जीवरक्षक औषधे आणि राखी यांचाच त्यात अपवाद ठेवण्यात आला. राखीबरोबर येणाऱ्या भेटवस्तूही त्यात बसत नाहीत. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू आणण्यास मात्र परवानगी आहे.

याचा अर्थ असा की, नातेवाइकांनी पाठवलेले घड्याळ खऱ्या किमतीच्या बिलासह आले आणि त्यावर पूर्ण कर भरला, तर अडचण येत नाही. किमतीच्या रकान्यात '१० डॉलर' लिहून 'भेट' असा शेरा मारलेले पार्सल मात्र संशयाला निमंत्रण देते. चौकशीची नोटीस आली, तर तिला उत्तर देण्याची वेळ पाठवणाऱ्या मुलावर येत नाही. ज्यांच्या नावावर पार्सल आहे, त्या वडिलांवर येते.

टपाल की कुरिअर?

टपालाने येणाऱ्या पार्सलवर सीएन २२ किंवा सीएन २३ हा घोषणापत्राचा कागद असतो. त्यावरील वर्णन आणि किंमत पाहून टपाल खात्याच्या परदेशी टपाल कार्यालयातील सीमाशुल्क अधिकारी कर ठरवतात. मुंबईत हे कार्यालय बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. कराची रक्कम पार्सल देताना टपाल खाते वसूल करते. हा मार्ग स्वस्त, परंतु संथ आहे; शिवाय महागड्या घड्याळाला पुरेसे विमासंरक्षण मिळेलच असे नाही.

कुरिअर कंपनी ग्राहकाच्या वतीने सीमाशुल्काची कागदपत्रे दाखल करते. त्यासाठी आधार, पॅन किंवा पारपत्र यांसारखा ओळखीचा पुरावा मागितला जातो. पार्सलवरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळत नसल्यास सोडवणूक लांबते. 'बंडू', 'ताई' अशा घरगुती नावाने मागणी नोंदवणे म्हणूनच टाळावे. कंपनी बहुधा आधी स्वतः कर भरते आणि नंतर ती रक्कम सेवाशुल्कासह ग्राहकाकडून घेते.

विक्रेत्याच्या अटींमधील 'डीडीपी' आणि 'डीएपी' या संज्ञांकडेही लक्ष द्यावे. पहिल्या प्रकारात आयात देशातील कर भरण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. दुसऱ्या प्रकारात ती ग्राहकावर येते. डीडीपी पद्धतीने घड्याळ घेतले तरी कर भरल्याची पावती मागून घ्यावी. ती का जपायची, हे पुढे येईलच.

पार्सल आल्यानंतर उत्तर न देता स्वस्थ बसणेही महागात पडते. गोदामभाडे वाढत जाते. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४८ नुसार तो विकता येतो.

सामानातून आणलेले घड्याळ

परदेशवारीत घेतलेल्या घड्याळाला प्रवासी सामानाचे नियम लागू होतात. २०१६ च्या नियमांनुसार भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल शुल्काविना आणता येत होता आणि त्यावरील मूल्यावर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क लागत होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी ही मर्यादा ७५,००० रुपयांवर नेली. ही मर्यादा एका घड्याळापुरती नसून एकूण नव्या सामानाची आहे. पती-पत्नींच्या मर्यादांची बेरीज करून दीड लाखाचे एक घड्याळ शुल्कमुक्त आणता येत नाही. घड्याळ हातावर बांधले, खोके तेथेच टाकले, म्हणजे ते 'वापरातील' झाले, असा समज सर्रास आढळतो. मर्यादेपेक्षा अधिक मूल्याचा माल असल्यास लाल मार्गाने जाऊन घोषणा करणे हाच सुरक्षित उपाय.

स्वतःचे महागडे घड्याळ हातावर घालून परदेशी जाणाऱ्यांनी निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ते घड्याळ तेथे विकत घेतलेले नाही, हे त्यावरून सिद्ध करता येते.

जुनी घड्याळे, कातडी पट्टे आणि बॅटऱ्या

जुन्या, दुर्मीळ घड्याळांच्या संग्राहकांनी विशेष सावध राहावे. परकीय व्यापार धोरणानुसार यंत्रसामग्रीखेरीज अन्य वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित असून तिला परवाना लागतो. १९६० च्या दशकातील एखादे घड्याळ परदेशी लिलावात मिळाले, तरी ते येथे आणताना हा नियम आड येऊ शकतो.

अनेक महागड्या घड्याळांचे पट्टे मगरीच्या कातडीचे असतात. मगरीच्या जाती वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइट्स' कराराच्या कक्षेत येतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या अंमलबजावणीची तरतूद भारतीय कायद्यात आली. आवश्यक परवान्यांअभावी पट्ट्यापायी संपूर्ण पार्सल अडकू शकते. विक्रेत्याकडून साध्या कातडी, रबरी किंवा धातूच्या पट्ट्यासह घड्याळ मागवणे, हा त्यावरील सोपा तोडगा.

स्मार्ट घड्याळांचा प्रकार आणखी वेगळा. त्यांतील लिथियम बॅटरीमुळे विमानवाहतुकीचे धोकादायक मालाविषयीचे नियम लागू होतात आणि ती घड्याळे दरपत्रकातही दळणवळणाच्या उपकरणांमध्ये गणली जातात.

कमी किंमत दाखवण्याचा मोह

'बिल अर्ध्या किमतीचे करून देतो', असे काही विक्रेते स्वतःहून सुचवतात. ग्राहकाला ती सवलत वाटते. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा आहे. घोषित किंमत अविश्वसनीय वाटल्यास अधिकारी ती नाकारू शकतात. त्या घड्याळाची किंमत इतर संकेतस्थळांवर पाहणे त्यांनाही अवघड नसते. खोट्या घोषणेबद्दल कलम १११ नुसार माल जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ नुसार दंड होऊ शकतो. जप्त माल सोडवण्यासाठी कलम १२५ खाली वेगळी रक्कम भरावी लागते, ती निराळीच. शिवाय वाटेत पार्सल हरवले, तर विम्याची भरपाई बिलावरील अर्ध्या किमतीचीच मिळते.

घड्याळांच्या बाबतीत कायदा आणखी एका कारणाने कडक आहे. बंगळूर येथे एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळनिर्मिती सुरू केली आणि पुढच्याच वर्षी सीमाशुल्क कायदा संमत झाला. आयातीवर कडक बंधने असलेल्या त्या काळात परदेशी घड्याळे हा तस्करीचा आवडता माल होता. त्यामुळे कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचाही नामनिर्देश करण्यात आला. एखादे घड्याळ तस्करीचे असल्याच्या रास्त समजुतीने जप्त झाले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते सापडले त्याच्यावर आणि मालकी सांगणाऱ्यावर असते. एरवी आरोप सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. येथे ते उलटते. ग्राहकोपयोगी मालावरील उरलीसुरली परिमाणात्मक बंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली, तस्करीचे दिवसही मागे पडले. कलमातील 'घड्याळे' हा शब्द मात्र कायम आहे.

म्हणूनच खरेदीचे बिल, पैसे भरल्याची नोंद आणि कर भरल्याची पावती हे कागद हमीपत्राची मुदत संपली म्हणून टाकून देऊ नयेत. घड्याळ मुलाला दिले किंवा विकले, तर कागदही त्याच्यासोबत द्यावेत.

घड्याळ सदोष निघाले तर?

नवे घड्याळ बंद निघाले किंवा भलतेच आले, तर ते परत पाठवून भरलेला कर मिळवण्याची सोय कायद्यात आहे. कलम २६-अ नुसार माल सदोष किंवा मागणीशी विसंगत असेल, तो वापरलेला नसेल आणि सोडवणुकीपासून ३० दिवसांत परत पाठवला गेला, तर आयात शुल्काचा परतावा मागता येतो. कलम ७४ नुसार न वापरता पुन्हा निर्यात केलेल्या मालावरील शुल्कापैकी ९८ टक्के रक्कम परत मिळू शकते. त्यासाठी शुल्क भरल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मात्र माल सीमाशुल्क अधिकाऱ्यांसमोर निर्यात म्हणून दाखल व्हावा लागतो. साध्या टपालाने परस्पर परत पाठवलेल्या घड्याळाचा कर बुडाला, असेच समजावे.

दुरुस्तीसाठी परदेशी पाठवलेल्या घड्याळावर परतताना पुन्हा पूर्ण किमतीवर कर पडू नये, यासाठी ३० जून २०१७ ची ४५/२०१७ ही अधिसूचना आहे. तिच्यानुसार दुरुस्तीचा खर्च, विमा आणि वाहतूक एवढ्यावरच कर लागतो. पाठवतानाच दुरुस्तीसाठी निर्यात अशी नोंद करणे ही त्याची पहिली अट.

फसव्या दूरध्वनींपासून सावध

परदेशी पार्सलची वाट पाहणारा ग्राहक भामट्यांच्या जाळ्यात सहज सापडतो. 'तुमचे पार्सल सीमाशुल्क विभागात अडकले आहे, ताबडतोब पैसे भरा, नाहीतर अटक होईल', असा दूरध्वनी किंवा संदेश आल्यास घाबरून जाऊ नये. सीमाशुल्क विभाग दूरध्वनी करून खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. विभागाच्या अधिकृत पत्रव्यवहारावर 'डिन' हा दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावर त्याची खातरजमा करता येते. पार्सलचा माग कुरिअर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः क्रमांक टाकून काढावा. संदेशातील दुव्यावर जाऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.

मागणी नोंदवण्यापूर्वी

* घड्याळ, पाठवणी, विमा, कर, कार्डाचा आकार आणि कुरिअरचे सेवाशुल्क यांची बेरीज करून ती भारतातील अधिकृत विक्रेत्याच्या किमतीशी ताडून पाहावी.
* कंपनीची हमी भारतात चालते का, हे आधी विचारावे. दुरुस्तीसाठी घड्याळ परदेशी पाठवावे लागले, तर वाचलेले पैसे तेथेच संपतात.
* करांचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. मागणी नोंदवण्याच्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावर दर तपासावेत.
* बिल खऱ्या किमतीचे, खऱ्या वर्णनाचे आणि ओळखपत्रावरील नावाचे असावे.
* पट्टा कशाचा आहे आणि घड्याळ नवे आहे की वापरलेले, याचा बिलावर स्पष्ट उल्लेख असावा.
* सर्व पावत्यांची एक प्रत घड्याळाच्या खोक्यात आणि एक अन्यत्र ठेवावी.

एवढा हिशेब केल्यानंतर कित्येकदा असे दिसते की, मध्यम किमतीचे घड्याळ परदेशातून मागवण्यात फारशी बचत नाही. भारतात न मिळणाऱ्या घड्याळासाठीच हा खटाटोप सार्थकी लागतो. निर्णय कोणताही झाला, तरी तो पार्सल दाराशी आल्यावर नव्हे, पैसे भरण्यापूर्वी व्हावा. निवृत्तीच्या दिवशी वडिलांच्या हातात घड्याळ पडावे. सीमाशुल्काची नोटीस नव्हे.